लघुग्रहावर खाण काढायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात सायकी नावाचा एक लघुग्रह फिरतोय, साधारण सव्वादोनशे किलोमीटर रुंद, आणि त्याच्यावरचा धातू विकून पैसे वाटले तर पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस अब्जाधीश होईल, अशी बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी फिरून फिरून येते. तुमच्याही फोनवर आली असेलच. तर आधी हा आकडा आला कुठून ते सांगतो.

नासाच्या सायकी मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ लिंडी एल्किन्स-टँटन यांनी २०१७ मध्ये एका मुलाखतीत हिशोब सांगितला की हा अख्खा गोळा लोखंड-निकेलचाच आहे असं धरलं आणि बाजारभावाने विकला तर नुसत्या लोखंडाचेच एकावर १९ शून्यं इतके डॉलर होतील. सगळ्या जगाची वर्षाची उलाढाल एकावर १४ शून्यांच्या आसपास असते, म्हणजे हे त्याच्या लाखपट झालं. पण त्यांनी लगेच हेही सांगितलं होतं की एवढा गोळा इकडे आणायचं तंत्र आपल्याकडे नाहीये आणि समजा आणलाच तर लोखंडाचा बाजारच कोसळेल. बातम्यांमध्ये आकडा राहिला आणि बाकीचं गळून पडलं. शिवाय नंतरच्या मोजमापात सायकीची घनता पाण्याच्या चौपटीच्या आसपास भरली, आणि लोखंड तर पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असतं, म्हणजे एकतर आतमध्ये भरपूर पोकळ्या असणार नाहीतर बराचसा साधा खडक मिसळलेला असणार. खरं काय ते कळायला यान निघालंय, १३ ऑक्टोबर २०२३ ला उडालं आणि ऑगस्ट २०२९ मध्ये पोचायचंय, पण ते अभ्यासासाठी चाललंय, खाणीसाठी नाही.

मला या विषयाची मनापासून ओढ आहे आणि म्हणूनच अशा बातम्यांचं वाईट वाटतं. त्या वाचून निम्म्या लोकांना वाटतं की पुढच्या दहा वर्षांत आकाशातून सोनं उतरणार, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं की हा सगळा थापांचा प्रकार आहे. दोन्ही खरं नाही. धातू तिथे नक्की आहे, पण तो खाली आणून विकणं हा त्या खाणीचा सगळ्यात कठीण आणि बहुतेक सगळ्यात शेवटचा उपयोग असणार आहे. तिथलं पहिलं कामाचं खनिज मला विचाराल तर पाणी आहे, आणि ते का ते पुढे येईलच.

आधी धातू तिथे असतो कसा ते बघू. पृथ्वी नवीन होती तेव्हा वितळलेली होती, लोखंड जड म्हणून खाली बुडालं आणि त्याचा गाभा झाला. सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम, इरिडियम हे सगळे धातू लोखंडात सहज विरघळतात, त्यामुळे तेही बरेचसे त्याच्याबरोबर खाली गेले, इतके की आज वरच्या कवचातल्या साध्या खडकात प्लॅटिनम टनामागे काही मिलिग्रॅमच सापडतं. आपण खाणीतून जे काढतो ते भूगर्भातल्या हालचालींनी कुठेतरी एका जागी गोळा झालेलं असतं, आणि अशा जागा जगात मोजक्याच. दक्षिण आफ्रिकेतला बुशवेल्ड हा त्यातला सगळ्यात मोठा पट्टा, जगातलं सुमारे ७० टक्के नवीन प्लॅटिनम त्या एका देशातून येतं.

लघुग्रहांचं असं झालं की काही गोळे सूर्यमालेच्या सुरुवातीला पृथ्वीसारखेच वितळले, त्यांच्यातही लोखंडाचा गाभा तयार झाला, आणि मग आपापसात आदळून आदळून ते फुटले. त्या फुटलेल्या गाभ्यांचे तुकडे अजून फिरतायत आणि त्यातले काही इकडेही पडतात, त्यांना आपण लोखंडी अशनी म्हणतो. १६२१ मध्ये जालंधरजवळ असाच एक अशनी पडला होता, बादशहा जहांगीरने त्यातलं तीन भाग लोखंड आणि एक भाग साधं लोखंड मिसळून तलवारी आणि खंजीर घडवून घेतले आणि स्वतःच्या आठवणींत तशी नोंदही करून ठेवली. म्हणजे अवकाशातला धातू वापरणं आपल्याला नवं नाही, तो तिथे जाऊन आणणं नवं आहे.

सगळेच लघुग्रह असे नसतात हेही सांगायला हवं. बहुसंख्य काळपट आहेत, कार्बन आणि चिकणमातीसारख्या खनिजांचे, त्यांच्यात पाणी बांधलेलं असतं. काही खडकाळ, थोडा धातू असलेले. अगदी थोडेच खरे धातूवाले. आणि दुर्बिणीतून बघून यातला कोणता कोणता हे नीट ओळखताही येत नाही, कारण परत येणारा प्रकाश पृष्ठभागाच्या अगदी वरच्या पातळ थराबद्दल सांगतो आणि धातूची त्यात ठसठशीत खूण उमटत नाही. रडारचा प्रतिध्वनी जोरात आला तर धातू असावा असा अंदाज बांधतात. १९८६ डीए नावाचा पृथ्वीच्या जवळून जाणारा एक लघुग्रह अशाच रडारमुळे धातूवाला ठरला. पण त्यात प्लॅटिनम टनामागे किती हे इथे बसून कुणीही सांगू शकत नाही, त्यासाठी तिथे जाऊन दगड तपासावा लागतो, आणि पृथ्वीवरची कुठलीही खाण कंपनी शेकडो भोकं पाडून नमुने काढल्याशिवाय खाणीत पैसा घालत नाही.

बरं, आपल्या हातात पडलेल्या लोखंडी अशनींवरून अंदाज लावू. त्यात प्लॅटिनमच्या कुळातले सगळे धातू मिळून टनामागे साधारण काही दहा ग्रॅम असतात, एखाद्या चांगल्या अशनीत १०० ग्रॅमच्या वरही. बुशवेल्डमध्ये टनामागे चार-पाच ग्रॅमवर खाण चालते, त्या मानाने हे बरंच श्रीमंत आहे. सोनं मात्र अशनीत टनामागे एखाद-दोन ग्रॅमच, म्हणजे पृथ्वीवरच्या साध्या सोन्याच्या खाणीइतकंच. म्हणून 'सोन्याचा लघुग्रह' असं मथळ्यात दिसलं की समजून घ्या, लिहिणाऱ्याने चौकशी केलेली नाही.

आता हिशोब करू, आणि हा हिशोब प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावा असं मला फार वाटतं, कारण त्यातून सगळं उघडं होतं. नासाची ओसायरिस-रेक्स मोहीम २०१६ मध्ये निघाली, बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून दगड-माती घेऊन तिची कुपी २४ सप्टेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात उतरली. आणलं किती? १२१.६ ग्रॅम, आपल्या भाषेत बारा तोळे. खर्च सगळा मिळून सुमारे ११६ कोटी डॉलर. प्लॅटिनमचा भाव अनेक वर्षं औंसाला हजार डॉलरच्या आसपास होता, म्हणजे ग्रॅमला ३२ डॉलर धरा. तर ती १२१.६ ग्रॅम माती नसून शुद्ध प्लॅटिनम असतं तरी तिचे चार हजार डॉलरसुद्धा झाले नसते. भाव दुप्पट-तिप्पट धरला तरी चित्र बदलत नाही.

उलट्या बाजूने बघा. ११६ कोटी डॉलर वसूल करायला त्या भावाने ३६ टन शुद्ध प्लॅटिनम लागेल. टनामागे ३० ग्रॅम धरलं तर १२ लाख टन दगड फोडून, वितळवून, गाळून घ्यावा लागेल, तोही माणूस नसलेल्या यंत्रांनी, कोट्यवधी किलोमीटर लांब. आणि ज्या मोहिमेचा खर्च आपण धरलाय तिने सव्वाशे ग्रॅमच उचलले होते, लाखो टन दगड हाताळणाऱ्या कारखान्याचा खर्च कितीतरी पट होणार. सगळ्या मानवजातीने लघुग्रहांवरून आजवर काय आणलं ते सांगतो: जपानच्या हायाबुसाने २०१० मध्ये इटोकावावरून काही सूक्ष्म कण, एक मिलिग्रॅमही भरणार नाहीत इतके, हायाबुसा-२ ने डिसेंबर २०२० मध्ये र्‍युगूवरून ५.४ ग्रॅम, आणि बेन्नूचे हे १२१.६. बास. विज्ञानासाठी हे अनमोल आहे, त्यातून सूर्यमालेच्या जन्माबद्दल जे कळतंय ते दुसऱ्या कशाने कळलं नसतं, पण खाणकाम म्हणून बघायचं तर आपण अजून पहिली कुदळही मारलेली नाही.

आणि कुदळ मारायची कशी हाच मोठा प्रश्न आहे. पृथ्वीवर आपण खणतो तेव्हा आपलं वजन, यंत्राचं वजन आपल्याला जमिनीवर दाबून धरतं, तिथे ते नाहीच. बेन्नू साधारण ४९० मीटरचा आहे, त्याच्यावरून सेकंदाला वीस सेंटीमीटर वेगाने जरी वर सरकलात तरी कायमचे निघून जाल, माणूस चालतो त्याच्यापेक्षा कितीतरी हळू. म्हणजे ड्रिल खाली दाबलं की यानच वर उचललं जाणार. मग खिळे ठोकून बांधून घ्यायचं म्हणावं तर ठोकायचं कशात? यातले बरेचसे लघुग्रह हा एकसंध दगड नसतोच, दगड-गोट्यांचा सैल ढीग असतो, अगदी कमी गुरुत्वाकर्षणाने कसाबसा एकत्र राहिलेला. २० ऑक्टोबर २०२० ला ओसायरिस-रेक्सचा हात बेन्नूला टेकला तेव्हा शास्त्रज्ञांना वाटलं होतं जमीन थोडीफार अडवेल, पण हात अर्धा मीटर आत गेला, आणि वेळेवर इंजिनं पेटून यान मागे आलं नसतं तर ते आणखी आत जात राहिलं असतं. माती इतकी जास्त भरली की डब्याच्या झडपेत दगड अडकले आणि माल बाहेर सांडायला लागला.

पुढची गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. डबा पृथ्वीवर आला, ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत माणसं, हत्यारं, दिवे सगळं हाताशी, आणि तरी ३५ पैकी दोन स्क्रू निघेनात. त्यासाठी खास नवीन हत्यारं बनवावी लागली आणि डबा पूर्ण उघडला जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे उतरल्यावर साडेतीन महिन्यांनी. हे अपयश नाही हं, ते लोक अतिशय काळजीने काम करत होते आणि एकही कण दूषित होऊ द्यायचा नव्हता. पण असा स्क्रू तिकडे अडकला तर? पृथ्वीवरून सिग्नल जायला अनेक मिनिटं, उत्तर यायला पुन्हा तेवढीच, आणि जवळ हातोडी घेऊन उभं राहायला कुणी नाही. युरोपचं फिले नावाचं यान नोव्हेंबर २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरलं तेव्हा त्याला जखडून ठेवणारे भाले सुटलेच नाहीत, ते उसळलं, लांब सावलीत जाऊन पडलं आणि सौरऊर्जा मिळेना म्हणून दोन-तीन दिवसांत बंद पडलं.

धुळीचंही तसंच. हायाबुसा-२ ने एप्रिल २०१९ मध्ये र्‍युगूवर दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने मारला, तर चौदा-पंधरा मीटर रुंद खड्डा पडला. दोन किलोने एवढा! खणायला सोपं आहे असं वाटेल, पण उडालेला मालही तितक्याच सहज निघून जातो आणि जो राहतो तो कॅमेऱ्यावर, सौरपट्ट्यांवर, सांध्यांमध्ये बसतो. म्हणून काही कंपन्या म्हणतात की खणूच नका, लहानसा लघुग्रह अख्खा एका मोठ्या पिशवीत घाला आणि आतल्या आत त्याच्यावर काम करा. अमेरिकेतली ट्रान्सॲस्ट्रा ही कंपनी अशा पिशव्यांवर काम करतेय, आणि मला ही कल्पना ड्रिलपेक्षा जास्त शहाणी वाटते.

समजा दगड मिळाला. आता त्यातून धातू काढायचा. पृथ्वीवर प्लॅटिनमचं खनिज दळून पीठ करतात, पाण्यात घालतात, रसायनं टाकून हवेचे बुडबुडे सोडतात, धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि दगड खाली बसतो. वजनच नाही तिथे बुडबुडे वर येणार कसे आणि दगड खाली बसणार कसा? वर आणि खाली हेच शब्द तिथे संपतात. मग भट्टी लावायची तर उष्णता बाहेर टाकायला हवा नाही, पाणी नाही, मोठमोठे रेडिएटर पसरून ती किरणांच्या रूपाने अवकाशात सोडावी लागते, आणि ते सगळं सामान आधी पृथ्वीवरून उचलून न्यायचं.

यावर एक उपाय मात्र खरोखर अस्तित्वात आहे. लुडविग माँड या रसायनशास्त्रज्ञाने १८९० मध्ये दाखवलं की कार्बन मोनॉक्साइड वायू निकेलवरून पन्नास-साठ अंश तापमानाला नेला तर निकेल त्या वायूशी जोडून स्वतःच वायुरूप होतं, आणि तोच वायू पुढे जास्त तापवला की शुद्ध निकेल खाली उरतं आणि कार्बन मोनॉक्साइड परत वापरायला मोकळा. दाब वाढवला तर लोखंडालाही हे जमतं. म्हणजे लोखंडी अशनीतलं लोखंड आणि निकेल असं उडवून वेगळं केलं की मागे जो गाळ राहील त्यात प्लॅटिनमच्या कुळातले धातू एकवटलेले असतील. यात बुडबुड्यांची गरज नाही, मोठ्या भट्टीची नाही आणि वायू फिरून फिरून वापरता येतो. कॅनडातल्या सडबरीला निकेल याच पद्धतीने शुद्ध करतात, आणि योगायोग असा की सडबरीचा तो प्रचंड निकेल-साठा सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या अशनीच्या धडकेमुळे तयार झालाय, जरी त्यातला धातू बहुतांशी पृथ्वीचाच असला तरी. दुसरा मार्ग सूक्ष्मजीवांचा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात जिवाणूंकडून बेसॉल्टमधून, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या खडकातून, दुर्मिळ धातू सोडवून घेऊन बघितले आणि वजनरहित अवस्थेतही एका जातीच्या जिवाणूंनी ते काम केलं. वेग फार कमी, पण होतं.

काही लोक विचारतात की एवढी कटकट कशाला, आख्खा दगडच पृथ्वीवर कुठेतरी ओसाड जागी पाडा आणि मग खणून काढा. त्याचं उत्तर बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, बेसॉल्टमध्ये धडकेने पडलेलं, पण ज्या दगडाने ते पाडलं त्याचे मोठे तुकडे तिथे हाती लागलेले नाहीत. त्या वेगाने आदळल्यावर येणारा दगड बराचसा वितळतो, वाफ होतो, विखुरतो. शिवाय एखादा मोठा लघुग्रह मुद्दाम पृथ्वीच्या दिशेने वळवायची परवानगी जगातला कुठला देश देईल? आणि हे वळवणं अशक्यही नाही, सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन त्याच्या फेरीचा वेळ सुमारे अर्ध्या तासाने बदलून दाखवलाय.

वेळेचं गणित लोक विसरतात. जाण्या-येण्याला सगळ्यात कमी इंधन लागतं ते ज्यांची कक्षा पृथ्वीसारखीच आहे अशा लघुग्रहांना, पण कक्षा जितकी सारखी तितके ते पृथ्वीजवळ परत यायला जास्त वर्षं घेतात, कारण दोघं जवळजवळ एकाच वेगाने पळतायत. म्हणजे स्वस्त पल्ला हवा असेल तर संधी दशकातून एखाद्या वेळी. आता पैसे घालणाऱ्याच्या बाजूने विचार करा, एवढ्या जोखमीच्या धंद्यात तो वर्षाला १५ टक्के तरी मागणारच, आणि १५ टक्क्यांनी दहा वर्षांत पैसे चौपट करून द्यावे लागतात. मधल्या काळात उत्पन्न शून्य.

पहिल्या लाटेतल्या कंपन्या इथेच अडकल्या. प्लॅनेटरी रिसोर्सेस २०१२ मध्ये मोठ्या गाजावाजात पुढे आली, गूगलचे लॅरी पेज आणि एरिक श्मिट यांचे पैसे होते, लक्झेंबर्ग सरकारनेही घातले. २०१८ मध्ये ती दुसऱ्याच धंद्यातल्या कंपनीने विकत घेतली आणि लक्झेंबर्गचे पैसे बुडाले. २०१३ ची डीप स्पेस इंडस्ट्रीज २०१९ च्या सुरुवातीला विकली गेली. आता दुसरी लाट आहे, कॅलिफोर्नियाची ॲस्ट्रोफोर्ज त्यात पुढे आहे, त्यांचं ओडिन यान फेब्रुवारी २०२५ मध्ये एका लघुग्रहाजवळून जाऊन बघायला निघालं आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्याच्याशी संपर्क तुटला. तरी मला या दुसऱ्या लाटेत एक चांगली गोष्ट दिसते, ही यानं लहान आणि स्वस्त आहेत, एक गेलं की कंपनी बुडत नाही, शिकून दुसरं पाठवता येतं.

आता बाजाराचा प्रश्न, जो सगळ्या तांत्रिक अडचणी सुटल्या तरी राहणार. जगात वर्षाला सुमारे १८० टन प्लॅटिनम खाणीतून निघतं. आपले ते ३६ टन म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा, तो एकदम बाजारात आला तर भाव पडणारच, आणि भाव पडला की आपला हिशोबही पडला. या धातूंचे भाव किती सहज वरखाली होतात ते प्लॅटिनमच्याच कुळातल्या ऱ्होडियमने दाखवलंय: मार्च २०२१ मध्ये औंसाला जवळजवळ २९ हजार डॉलर, आणि २०२३ मध्ये चार-पाच हजार. त्यात कुठलाही लघुग्रह आलेला नव्हता, नेहमीच्या मागणी-पुरवठ्याच्या फरकाने हे झालं.

पण भाव पडणं सगळ्यांसाठी वाईट नसतं, हे मला ठासून सांगायचंय. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा कळस बसवला तेव्हा तो धातू चांदीच्या तोडीचा मानला जायचा. १८८६ मध्ये हॉल आणि हेरू यांनी वेगवेगळं काम करून विजेने ॲल्युमिनियम काढायची पद्धत शोधली, भाव कोसळला, आणि आज विमानापासून डब्यापर्यंत सगळ्यात तो आहे. इरिडियमचं उदाहरण घ्या, वर्षाला जगभर सात-आठ टनच निघतं आणि पाण्यापासून हिरवा हायड्रोजन काढायच्या एका महत्त्वाच्या प्रकारच्या यंत्रात तेच लागतं. ते स्वस्त झालं तर सगळ्यांचंच भलं आहे. आणि खाणीतल्या माणसांचंही बघा, जोहान्सबर्गजवळची म्पोनेंगची सोन्याची खाण सुमारे चार किलोमीटर खोल आहे, आणि १६ ऑगस्ट २०१२ ला मारिकानाच्या प्लॅटिनम खाणीवर पगारवाढ मागणारे ३४ कामगार पोलिसांच्या गोळीबारात गेले. या धातूंची खरी किंमत भावात दिसत नाही. फक्त आकाशातून धातू आला तर त्या खाणींवर पोट असलेल्या लाखो लोकांचं काय, याचं उत्तर त्या कंपन्यांकडून मी अजून ऐकलेलं नाही आणि ते विचारलं गेलंच पाहिजे.

तर मग पाणी. एक किलो कुठलीही वस्तू पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत न्यायला आज काही हजार डॉलर पडतात, चंद्रापाशी न्यायला त्याच्या कितीतरी पट. म्हणजे तिथे साधं पाणीसुद्धा महाग आहे, आणि पाण्याचं तिथे सगळं होतं: प्यायला, प्राणवायूला, किरणोत्सारापासून आडोसा म्हणून, आणि विजेने फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे रॉकेटचं इंधन. ते काढायलाही सोपं, काळपट लघुग्रहाचा दगड पिशवीत घालून आरशांनी सूर्यप्रकाश एकवटून काही शे अंशांपर्यंत तापवायचा, वाफ थंड भागात गोठवायची. दळणं नाही, रसायनं नाही. र्‍युगू आणि बेन्नूच्या नमुन्यांत पाणी बांधून ठेवणारी खनिजं भरपूर सापडली आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा माल खाली आणायचाच नाही, जिथे काढला तिथेच वापरायचा, त्यामुळे पृथ्वीवरच्या बाजाराशी त्याची स्पर्धा नाही.

अडचण इथेही आहे आणि ती जरा विचार करायला लावणारी आहे. रॉकेट स्वस्त झाली तर लघुग्रहावर जाणं स्वस्त होईल, पण त्याच रॉकेटने पृथ्वीवरचं पाणी वर नेणंही स्वस्त होईल, म्हणजे ज्या गोष्टीमुळे खाण परवडते तीच गोष्ट खाणीच्या मालाचा भाव पाडते. दुसरा स्पर्धक चंद्र. तिथे पाण्याचा पुरावा आपल्या २००८ च्या चांद्रयान-१ ने दिला, दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ आहे, आणि चंद्र तीन दिवसांवर आहे. आणि गिऱ्हाईक? कक्षेत इंधन विकत घेणारं आज फारसं कुणी नाही. म्हणून मला वाटतं की पाण्याची खाण ही चंद्रावर-मंगळावर माणसं खरोखर राहायला-जायला लागतील तेव्हाच उभी राहील, त्याआधी नाही.

शेवटचा मुद्दा मालकीचा, आणि यात आपला देश थेट येतो. १९६७ च्या अवकाश करारानुसार कुठल्याही देशाला चंद्रावर किंवा लघुग्रहावर मालकी सांगता येत नाही. ग्रेगरी नेमिट्झ नावाच्या अमेरिकन माणसाने इरॉस लघुग्रह आपला असल्याचं जाहीर केलं होतं आणि २००१ मध्ये नासाचं यान तिथे उतरल्यावर पार्किंगचे २० डॉलर मागितले, कोर्टाने दावा फेटाळला. पण काढलेला माल कुणाचा, यावर करार स्पष्ट बोलत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून टाकला की समुद्र कुणाचा नसला तरी पकडलेले मासे कोळ्याचे असतात, तसा काढलेला माल काढणाऱ्याचा, निदान त्या कायद्यामागचा युक्तिवाद हाच आहे. लक्झेंबर्गने २०१७ मध्ये, अमिरातींनी २०१९ मध्ये, जपानने २०२१ मध्ये असेच कायदे केले.

भारताची जागा दोन्हीकडे आहे. १९७९ चा चंद्र करार म्हणतो की ही संपत्ती सगळ्या मानवजातीची, त्यावर आपण १९८२ मध्ये सही केली पण पुढे मंजुरी दिली नाही. जून २०२३ मध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली, त्याचा कल खाणकामाला परवानगी द्यायकडे आहे. आणि त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या भारतीय अवकाश धोरणात चक्क लिहिलंय की खाजगी कंपन्या लघुग्रहावरची साधनसंपत्ती काढू शकतात, बाळगू शकतात, विकू शकतात, लागू कायद्यांच्या आणि आंतरराष्ट्रीय बंधनांच्या आत राहून.

आपल्याला अशा प्रकारच्या खाणीचा अनुभवही आहे, फक्त तो समुद्राच्या तळाचा आहे. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'गवेषणी' जहाजावरून जानेवारी १९८१ मध्ये समुद्रतळावरच्या धातूंच्या गाठी वर काढल्या, १९८७ मध्ये भारताला या कामातला आद्य गुंतवणूकदार म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत मान्यता मिळाली, आणि मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आपल्याकडे आहे, मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्टचा. तिथे आंतरराष्ट्रीय प्राधिकरण आहे, पट्टे वाटून दिलेत, पर्यावरणाचे नियम ठरवायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, आणि चाळीस वर्षांनंतरही त्या खोल पाण्यात व्यावसायिक खाण सुरू झालेली नाही. अंतर पाच-सहा किलोमीटर खाली, तरी ही गत.

लघुग्रहांसाठी तर असं प्राधिकरणच नाही. धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि २०१७ मध्ये मसुदा जाहीर होऊनही आपला अवकाश कायदा अजून संसदेतून झालेला नाही. १९६७ च्या कराराप्रमाणे खाजगी कंपनीने अवकाशात काही केलं तरी जबाबदार तिचं सरकार असतं, १९७२ च्या नुकसानभरपाईच्या करारानेही तेच पक्कं केलंय, म्हणजे उद्या एखाद्या भारतीय स्टार्टअपच्या यानाने कुणाच्या उपग्रहाला धक्का दिला किंवा एखादा दगड भलत्या कक्षेत ढकलला तर बिल दिल्लीला येणार. परवाना कोण देणार, विमा किती रकमेचा, आणलेल्या मालाची नोंद कुठे, दोन कंपन्या एकाच दगडावर गेल्या तर भांडण कुठल्या कोर्टात, हे सगळं पहिलं यान निघायच्या आधी लिहून झालेलं असावं असं मला वाटतं.